तोंडी हुकूम

स्टीलच्या डब्याच्या झाकणाखालून दह्याचं पाणी झिरपत होतं आणि विजारीवर, गुडघ्याच्या जरा वर, एक थंड गोल डाग वाढत होता… रहिमतपूरपासून मिरजेपर्यंत नाथाजीनं तो डबा मांडीवरून खाली ठेवला नव्हता. वॉर्डात शिरल्यावर आधी दिसली ती बायकोच्या, बनूच्या खाटेवरची दुमडलेली गादी. मग नर्सबाई. "हवालदार, बसा जरा," ती म्हणाली – आणि त्याला वाटलं, आधी डबा कुठंतरी सरळ ठेवायला हवा, सांडेल.

त्या दिवसाला आज अकरा महिने झाले. सकाळी शेजारच्या मनुबाईनं दह्याची वाटी समोर ठेवली. "भावजी, तिचंच विरजण हाय. एक दिस मोडू दिलं न्हाई. आज तरी खावा."

त्यानं वाटी तशीच झाकून ठेवली. मिरजेला उपचारासाठी निघताना बनूनं आपलं विरजण मनुबाईकडे सोपवलं होतं. इस्लामपूरहून, माहेरून आणलेलं. तिकडे कॅन्सरची इंजेक्शनं सुरू झाली, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं – दही, ताक बंद. पुढं पेशी सावरल्या, पण जुलाब थांबेनात. फेरीवर आलेले डॉक्टर जाता जाता म्हणाले, "औषधानं पोटातले चांगले जंतूही मरतात. आता घरचं ताजं ताक थोडं थोडं द्यायला हरकत नाही." म्हणाले फक्त. आणि मी बावीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस… लेखी हुकूम लेखीच रद्द होतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

"आवं, डाक्टर त्वांडानं म्हणलं न्हवं? द्या की वाईच ताक."

"कागदावर कुठं हाय?"

"मग माझ्या आतड्यावर लिवून घ्या, हवालदार," बनू पोट धरून हसली होती.

नऊ दिवस मी कागद धरून बसलो. दहाव्या दिवशी तिनं मागायचंच सोडलं, तेव्हा घरचं दही आणायला रहिमतपूरची गाडी पकडली.

दुपारी त्याचा डोळा लागला, किंवा लागलाही नसेल… तिचं पोट त्याला रिकाम्या छावणीसारखं दिसलं – पलटण हललेली, बराकींची दारं उघडी, चुली थंड, कुठं कुणाचा आवाज नाही. तो फाटकावर उभा. बाहेर मोठी रांग, बारीक बारीक, पांढरी माणसं, सगळी इस्लामपूरची, आत सोडा म्हणणारी. तो म्हणतोय, कागद दाखवा. ती माणसं ओरडत नव्हती, ढकलत नव्हती. नुसती थांबली होती, घरी जायचं असल्यासारखी…

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. त्यानं वाटी उचलली आणि दही उभ्यानंच खाल्लं, साखर न घालता. आंबट होतं. मग पोटावर हात ठेवून तो बराच वेळ उंबऱ्यात बसून राहिला. आत काही वस्तीला आल्यासारखं वाटत होतं आणि त्याची भीतीही वाटत नव्हती.

इतके दिवस त्याला डॉक्टरांकडून एकच ऐकायचं होतं – ताकानं काही फरक पडला नसता. आता तसं नाही. पडला असता, असं म्हणाले तरी ऐकून घेईन.

डॉक्टरांना ते विचारायला मिरजेला जायचं अजून राहिलं आहे.