हाजी रिज्कचं बोट

मी ग्लुकोमीटर बोलतोय. थेंबभर रक्तातली साखर मोजणारा. माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. माझाच कुणावर नव्हता.

मल्लावी गावातल्या एका इस्पितळात, पुरुषांच्या वॉर्डात मी कामाला लागलो. दर हिवाळ्यात नर्सिंगच्या शाळेतून शिकाऊ मुली तिथे प्रत्यक्ष काम शिकायला यायच्या. मला त्यांची धास्तीच. कुणी मला पाडायची, कुणी रक्त टिपायची पट्टी उलटी घालायची. त्या वर्षी शुरूक आली. ती सगळं फार जपून करायची, म्हणूनच मला तिचा संशय आला. चूक लपवणारी माणसंही अशीच जपून वागतात.

तिच्याकडे हाजी रिज्क होते. गावातलं जुनं गुऱ्हाळ त्यांचं. पायाच्या जखमेसाठी भरती झालेले. जखम भरत होती, जेवण मोजकं होतं. पण दुपारी रक्त तपासलं की माझा आकडा आभाळाला.

पहिला संशय माझ्यावर. वॉर्डच्या प्रमुख मिस इनायातांनी ठरावीक साखरेचं तपासणीचं पाणी घालून मला पारखलं. मी बरोबर निघालो. मग त्या शुरूककडे वळल्या.

"म्हातारा गोड बोलतो, नाही का? काय खाऊ घालतेस त्याला?"

"काही नाही, मिस. शपथ."

"शपथा शाळेत घे. चोरून काही देताना दिसलीस, तर इथलं शिक्षण संपलं तुझं."

हाजींची मुलगी नजाह आली, तिने तर सरळ गादीच उचलली. उशीचा अभ्रा उलटा केला. काही सापडलं नाही.

"बाबा, पाय कापतील हो! खरं सांगा ना."

"जिभेवर कण ठेवला असेल तर अल्ला बघून घेईल! बापाला चोर समजतेस?"

माझाही विश्वास बसला नाही. आकडा तर मीच दाखवला होता ना! डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं.

दोन दिवसांनी, हाजींचा धाकटा भाऊ नुकताच भेटून गेला होता. शुरूकने नेहमीसारखं स्पिरिटने बोट पुसलं, टोचलं. आकडा पुन्हा चढलेला. मिस इनायात इंजेक्शन भरून आल्या.

"मिस, जरा थांबा. यांना घाम फुटलाय."

"एवढी घोंगडी पांघरल्यावर फुटणारच."

"पण ते मला नजाह म्हणतायत."

मिस इनायातांचा हात थांबला. शुरूकने तसराळं ओढून हाजींचा हात साबणाने धुतला. स्पिरिटने पुसूनही बोट चिकट होतं. नखाखालून तांबूस काहीतरी सुटलं. तिने हात कोरडा करून पुन्हा टोचलं. मी दाखवलेला आकडा इतका खाली, की मिस इनायातांनी इंजेक्शन बाजूला टाकलं.

"साखर! पळ, साखरेचं पाणी आण!"

दुसरा पेला संपत आला तेव्हा हाजींनी माणसं ओळखली.

"चोर म्हणत होतात, आणि आता स्वतःच पाजताय होय?"

"हाजी, बोटाला काय होतं?" शुरूकने विचारलं.

"काकवी. हंगाम चाललाय. भाऊ खिशातून बाटली आणतो, मी चिमटीत तार बघतो, कच्ची की पक्की ते सांगतो. बाटली परत जाते. चाखत नाही गं, पोरी."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"ऐकलं असतं कुणी?"

पाळी बदलताना मिस इनायातांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ते इंजेक्शन मी देणार होते. हिने थांबवलं." शुरूकचं शिक्षण पुरं झालं. जाताना तिने मला पुसून डबीत ठेवलं, तेव्हा पहिल्यांदाच तिच्या हातात मी निर्धास्त होतो.

आता माझ्या पट्ट्या मिळत नाहीत. मी शाळेच्या सरावाच्या खोलीत पडून आहे. नव्या मुली मला हाताळतात. पोरींनो, आकडा माझ्यासारखं यंत्र देईल. पण तेवढ्यावर कुणाला खोटं पाडू नका. हाजी दोन्ही पायांवर चालत घरी गेले, हे खरं. पण निघताना दाराशी ते थांबले, अंगरख्याचे दोन्ही खिसे त्यांनी बाहेर उलटे काढले आणि मुलीला म्हणाले, "बघून घे. नीट बघ."