सदतीस नंबरचा फॉर्म

या, असे जवळ सरकून बसा. देवाच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्यात. आज माझ्या लाजेची एक सांगतो.

एकोणऐंशी साली मी राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र घेऊन नाशिकला बी.ए. करत होतो. त्र्यंबक रस्त्यावरच्या आमच्या गावातून कॉलेजला दोघंच जायचो, मी आणि बौद्धवस्तीतला मल्हारी. एकच एस.टी., एकच बाक. समतेच्या हक्कावरचं माझं उत्तर सरांनी वर्गात वाचून दाखवलेलं. आणि गावात एकादशीच्या कीर्तनाला मंडपात बसणाऱ्यांच्या कपाळी बुक्का लावायचं काम माझं. कीर्तन म्हणजे माझा जीव की प्राण.

समाजशास्त्राच्या सरांनी गावाची पाहणी करायला सांगितली. चाळीस घरं, चाळीस फॉर्म, घरोघर जाऊन विचारायचं. वरच्या आळीतली तीस घरं मी फिरलो. उरलेली दहा वस्तीतली. तिकडं गेलोच नाही. देवळाच्या पायरीवर बसून भरून टाकली. ‘कीर्तनाला सगळे एकत्र बसतात का?’ होय. मला ते खोटं वाटलंसुद्धा नाही, हो! देवाच्या दारी भेद नाही, हे दर एकादशीला ऐकतच होतो की.

सरांनी माझे फॉर्म उत्तम म्हणून वर्गात फिरवून परत हातात घेतले. मल्हारी उभा राहिला.

“सर, सदतीस नंबर कुणाचा?”

“भिमाबाई...”

“माझी आई. रंगनाथ आमच्या घरी कधी आला, विचारा. आणि आई कीर्तनाला कुठं बसते, तेही विचारा.”

उत्तर मला ठाऊक होतं. दर एकादशीला डोळ्यांपुढं होतं. सरांनी दहा फॉर्म परत दिले. येताना एस.टी.त मल्हारी पुढच्या बाकावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी वस्तीत गेलो. भिमाबाई अंगणात उडीद पाखडत होत्या.

“मावशी, कीर्तनाला कुठं बसता?”

त्या हसल्याच. “आरं, बुक्क्याचं ताट घेऊन समद्या मंडपात हिंडतोस, अन् मला इचारतोस? मंडपाभाईर, चिंचंखाली!”

मी लिहिलं. मग घाईघाईनं म्हणालो, “पुढच्या एकादशीला तुम्हालाही बुक्का लावीन.”

“मी बौद्ध हाय बाबा. तुझा बुक्का नको मला. बुवाचा गळा लय ग्वाड, म्हणून येते. तिथनं निम्मं बी ऐकू येत नाय, एवढंच.”

एकादशी आली. त्यांना ‘मंडपात या’ म्हणायची छाती झाली नाही. थोरली माणसं पुढंच बसलेली. अर्धं कीर्तन मी ताट घेऊन खांबाशी नुसता उभा. शेवटी ताट खाली ठेवलं आणि चिंचेखाली जाऊन बसलो. मंडपातल्या माना वळल्या. मल्हारी वस्तीच्या वाटेवरून बघत होता. जवळ आला नाही.

बुवा गात होते. आमच्यापर्यंत टाळ पोचत होते, शब्द नाही.

“ऐकू येतं का रं?” भिमाबाईंनी विचारलं.

“नाही, मावशी.”

“मग त्ये बी लिव्ह.”

लिहिलं. फॉर्मात त्याला रकाना नव्हता, म्हणून पाठीमागं.

कधी कीर्तनात पुढं बसायला मिळालं, बुवांचा शब्द न् शब्द कानी आला, तर एवढं करा माझ्यासाठी: चिंचेखालच्या भिमाबाईंची आठवण काढा.