तळातलं गोडं पाणी

वामन मयेकरच्या होडीत विहिरीचं पाणी भरू लागलं ते शिमग्याच्या सुमारास. होडी उभी खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात, आणि तळात पाणी गोडं. शिडाच्या होडीत राहणारा माणूस तळात ओल दिसली की आधी बोट बुडवून चाखतो. खारट असेल तर फळ्या गळतात, गोडं असेल तर पाऊस झिरपला. पाऊस तर दिवाळीनंतर पडलाच नव्हता. वामननं चाखलं, आणि जिभेवर मागाहून गोडवा आला तो आवळीच्या लाकडाचा. पाणी गोड राहावं म्हणून विहिरीत आवळीची फळी टाकायची रीत गावात आता एकच घर पाळत होतं, त्याचं स्वतःचं.

त्या घरात शेवंताक्का एकटी होती. आईबाप गेल्यावर या थोरल्या बहिणीनं त्याला वाढवला, स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं नाही. जहाजावरची नोकरी संपली की घरी येईन, असं हा दर सुट्टीत तिला सांगायचा. आला खरा. आठवडाभर ओसरीवर बसला, मग होडीत जाऊन राहिला. घरासमोरच तर नांगर टाकलाय, म्हणायचा. वा रे शहाण्या!

होडी मात्र त्यानं पोटच्या पोरासारखी जपली होती. टपावर सोलरची पॅनेलं, तळाशी बॅटऱ्या, त्यांवर दिवे, पंखा, फ्रीज. वारा पडला तर होडी हाकणारी मोटरही त्यांवरच. पाणी बॅटऱ्यांपर्यंत चढलं की संसार विझला, म्हणून त्यानं पंप लावला आणि पाणी खाडीत सोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. उधाणाच्या भरतीला होडी किनाऱ्यावर चढवली, ओहोटीला ती उघडी पडली, तेव्हा फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ ठोकून भरली. बाहेरून एक थेंब नव्हता. कोरड्या वाळूत बसलेली होडी आतून भरतच होती.

त्याच आठवड्यात अक्काच्या विहिरीचं पाणी खाली गेलं. तिनं निरोप धाडला नाही, धक्क्यावर येऊन नुसती उभी राहिली. वामन होडीच्या तळातल्या पाण्याचे दोन कॅन घेऊन गेला. खाई त्याला खवखवे, दुसरं काय! अक्का तिथंच ओंजळीनं पाणी प्यायली.

"आपल्या विहिरीसारखं लागतं रे," ती म्हणाली.

वामन दुसऱ्या कॅनचं झाकण उघडू लागला.

"तू आहेस म्हणून घोटभर मिळतंय, बाबा. देव तुझं भलं करो."

हा आशीर्वाद त्याला शिवीपेक्षा जास्त झोंबला. लाजेनं त्याला तिच्याकडे बघवेना. तरी परतल्यावर त्यानं पंप लावलाच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पंप बंद करावा तर होडी जाते, चालू ठेवावा तर विहीर. त्यात ऊन असं कडक की बॅटऱ्या दुपारच्या आतच भरायच्या, त्यामुळे पंपाला थांबायचं काही कारणच उरलं नव्हतं.

विहीर तळाला गेली तेव्हा अक्कानं त्याला हाताला धरून कठड्याशी नेलं. गाळ काढायला गडी आले होते, पण उतरायला कुणी तयार होईना, असं तिनं सांगितलं. वामननं वाकून पाहिलं. खाली गाळ नव्हता. त्याच्या होडीतला दिवा जळत होता, पंखा फिरत होता, आणि बिछान्यावरची चादर त्यानं सकाळी टाकली तशीच चुरगळून पडली होती.

"मला मेलीला नीट दिसत नाही," अक्का म्हणाली, "पण खाली काहीतरी घरघरतंय. तुला ऐकू येतंय का?"

"नाही," वामन म्हणाला.

नसेल मग, असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली. त्याच्या शब्दावर तिनं आजवर कधी शंका घेतली नव्हती.

चहाला न थांबता तो होडीत आला आणि त्यानं पंप बंद केला. बॅटऱ्या बुडाल्या, दिवे गेले, फ्रीजनं एक आचका दिला. पाणी गुडघ्याला आलं, मग कमरेला, मग छातीला. टपावरचं चौकोनी झाकण उघडं होतं, ते आता गोल झालं आणि उंच उंच गेलं. त्यात अक्काचं वाकलेलं डोकं दिसलं. पाणी आलं गो, पाणी आलं, असं ती शेजारणीला सांगत होती. एक हाक मारली असती तर तिनं अख्खा गाव गोळा केला असता. पण माणूस निघालेल्या विहिरीचं पाणी मग कोण पितं?

दोराला बांधलेला पोहरा हेलकावे खात खाली आला, आणि बुडेना, नुसता तरंगत राहिला. वामननं श्वास रोखला, त्याचा काठ धरून तो अलगद पाण्याखाली दाबला, आणि भरला तसा सोडून दिला.