वारा दळणाऱ्या मुलीचं शोकपत्रक

राजधानी सोफियातल्या चित्रपट संग्रहालयातून फोन आला तेव्हा लोझान अंगणात मिरच्या भाजत होता. पलीकडची बाई सभ्य होती. म्हणाली, "तुम्ही विचारलेल्या चित्रपटाची एकच प्रत होती. काल डबा उघडला, तर फीत चिकटून तिचा गोळा झालाय. दुसरी प्रत कुठेच नाही. माफ करा."

"म्हणजे तो आता कधीच दिसणार नाही?"

"नाही."

लोझानने फोन खिशात घातला. तोवर खालच्या मिरच्यांचा कोळसा झाला होता.

त्याची मुलगी, देसी, भाजलेल्या मिरच्या सोलत बसली होती. तिने विचारलं, त्याने सांगितलं.

"बाबा, सोडा आता. लहान मुलांचा सिनेमा तो."

"तुझ्या आईने तुला शेवट सांगितला होता?"

"नाही. म्हणायची, बाबांबरोबर बघ."

'वारा दळणारी मुलगी' हा हाताने काढलेल्या रंगीत चित्रांचा सिनेमा लोझानच्या लहानपणी गावात आला होता. अजगराएवढा लांब, पंखवाला राक्षस नदी गुहेत कोंडून ठेवतो. पाणचक्की बंद पडते. चक्कीवाल्याची पोर मग चक्की वाऱ्यावर फिरवते आणि धान्याऐवजी वाराच दळते. त्या पिठाचा पाव जो खाईल तो हवेत तरंगतो. पोर पाव घेऊन गुहेत शिरते. इथवरचं लोझानला तोंडपाठ होतं. पुढचं त्याने पाहिलंच नव्हतं. पडद्यावर राक्षसाने डोळा उघडला आणि सात वर्षांच्या लोझानने असं भोकाड पसरलं, की मावशीने त्याला कॉलरला धरून बाहेर काढलं. त्याच रांगेत बसलेली स्तोइंका शेवटपर्यंत बसून राहिली. पुढे तिच्याशीच त्याचं लग्न झालं, आणि सगळा संसार हे ऐकण्यात गेला.

"शेवट सांग की," तो म्हणायचा.

"रडायचं नव्हतंस. बघायचा होतास," ती म्हणायची आणि स्वतःशीच हसायची.

आजारपणात झोप लागत नसे तेव्हा ती त्याला तो सिनेमा सांगायची. गुहेपाशी आली की थांबायची. पोट दुखत असलं तरी तिथे हसायची. लोझानने शब्द दिला होता, कुठूनही प्रत आणतो, भिंतीवर चादर लावतो, दोघं मिळून बघू. ईस्टरच्या आधी ती गेली. शब्द तसाच राहिला, म्हणून त्याने शोध थांबवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो छापखान्यात गेला. गावातली सगळी शोकपत्रकं तिथेच छापली जातात. माणूस गेलं की काळी चौकट, फोटो, चार ओळी. मग चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. दारांवर, झाडांवर, विजेच्या खांबांवर. लोझानने स्तोइंकाने शाळेपासून पेटीत जपलेलं त्या सिनेमाचं चित्र पुढे केलं आणि मजकूर सांगितला:

'वारा दळणारी मुलगी. आपल्या सिनेमाघरात सगळ्यांनी पाहिलेली. तिची शेवटची प्रत गेली. शेवट ज्याला आठवतो त्याने रविवारी सिनेमाघराच्या पायऱ्यांवर यावं. चिडलेला लोझान.'

"बाय लोझान," छापखान्यातली यान्का म्हणाली. गावात थोरल्या माणसाला बायच म्हणतात. "शेवटी 'दुःखी कुटुंबीय' असं लिहितात."

"दुःखी मी स्तोइंकासाठी आहे. हिच्यासाठी चिडलोय. तसंच छाप."

त्याने ते चौकातल्या बंद सिनेमाघराच्या दारावर चिकटवलं. सगळ्यात आधी आली लेल्या त्सोना. लेल्या म्हणजे मावशी. ती गावाची मावशी होती, आणि तिची नजर कधीच अधू झाली होती. तिला काळी चौकट दिसली, लहान मुलीचा चेहरा दिसला. घरी जाऊन ती गेलेल्याच्या नावाने वाटतात तो साखर घातलेला उकडलेला गहू आणि दोन फुलं घेऊन आली. फुलं दाराशी ठेवून तिने क्रूसाची खूण केली.

"कुणाची पोर गेली रे ही?"

"सिनेमातली आहे, लेल्या. चित्रातली."

"मग काय झालं? मी पोरांना घेऊन पाहिलाय तो. गहू शिजवलाय, आता खा."

उपमहापौर गेर्जिकोव्हला मात्र ते पचलं नाही. सिनेमाघराची जागा जुगाराची यंत्रं ठेवायला दिली होती आणि त्याच आठवड्यात दाराला रंग लागायचा होता. त्याने रंगारी पेन्चोला पाठवलं. पेन्चो डबा घेऊन आला, दारासमोर उभा राहिला, आणि डबा खाली ठेवून कॉफी प्यायला गेला. गेर्जिकोव्ह धावत आला.

"काढ ते."

"साहेब, शोकपत्रक कुणी काढत नाही. ते पावसाने जातं."

"हे शोकपत्रक नाहीये, कार्टून आहे."

"काळी चौकट आहे ना? मग मी नाही काढणार. घरी बायको आहे मला."

"मी काढतो," म्हणून गेर्जिकोव्ह पुढे झाला. कॉफीच्या टेबलांवरची माणसं खुर्च्या वळवून बघायला लागली. लेल्या त्सोना पायऱ्यांवर बसून गहू वाटत होती.

"काढ, बाळ," ती म्हणाली. "तुझ्या आईचं वर्षाचं पत्रक बेकरीच्या दारावर आहे अजून. रोज पाव आणताना भेटते मला. चांगली बाई होती."

गेर्जिकोव्हचा हात कागदाच्या कोपऱ्यापर्यंत गेला होता. तो त्याने खाली घेतला, आणि घेतलाच आहे तर क्रूसाची खूणही केली. मग लोझानकडे वळला. "ठीक आहे, बाय लोझान. पावसापर्यंत थांबतो."

"पाऊस पडला की चाळीस दिवसांचं लावीन. मग सहा महिन्यांचं. मग वर्षाचं. रीतच आहे."

"माणसांसाठी आहे ती रीत."

"तुझ्या यंत्रांसाठी कुणी गहू उकडेल तेव्हा बोलू आपण."

रविवारी माणसं घरून खुर्च्या घेऊन आली. कुणी चीज भरून भाजलेल्या बानित्साचं ताट आणलं, कुणी फळांच्या दारूची, रकियाची बाटली. देसी पण आली, "मी फक्त तुम्हाला सोबत म्हणून आलेय" असं सांगत. मग गोष्ट सुरू झाली. एकाला एक आठवत होतं, दुसऱ्याला दुसरं. चक्की फिरते तिथे सगळ्यांनी मिळून चक्कीचा आवाज काढला. सत्तरीचे म्हातारेसुद्धा गाल फुगवून फुंकत होते. राक्षसाने डोळा उघडला. लोझान ताठ बसला. या वेळी तो उठणार नव्हता.

पेन्चो म्हणाला, पोर पाव खाते आणि उडून जाते, परत येतच नाही. लेल्या त्सोना म्हणाली, छे, पाव ती राक्षसाला देते, तो वर जातो आणि नदी सुटते. यान्का म्हणाली, चक्कीच उडून जाते, पोर खाली एकटी उभी राहते, आणि आपण त्या वेळी किती रडलो होतो ते तिला पक्कं आठवतंय. मग जी जुंपली ती जुंपलीच.

"मतं घ्या," कुणीतरी म्हणालं.

"शेवट काय निवडणुकीने ठरतो?" लोझान म्हणाला.

"मग तुला पटेल तो घे. तिन्ही चांगले आहेत," पेन्चो म्हणाला. "कुठलाही असला तरी आता कोण तपासणार आहे?"

"मी तपासणार आहे. स्तोइंका तिथे आली की हसायची. दुखत असताना हसायची. तुम्ही तिघांनी सांगितलं, हसलं एकही नाही. यातला एकही तो नाही."

देसी त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने विचारलं, "खळखळून हसायची, की अशी गालात?"

"खळखळून. मग पोट धरायची."

"म्हणजे राक्षसाचीच फजिती होत असणार," देसी म्हणाली, आणि आपली खुर्ची पुढे ओढली. "पुढच्या रविवारी शेजारच्या गावातल्यांना बोलवा. तिथेही लागला असेल."

पाऊस पडला. लोझानने दुसरं पत्रक लावलं. पेन्चोचा डबा दाराशीच आहे, झाकण गंजलंय. शेजारच्या गावातून दोन गाड्या भरून माणसं आली. त्यांनी आणखी चार शेवट सांगितले. एकावर लोझान थोडासा हसला, पण पोट धरावं असा तो नव्हता.

खरा शेवट अजून सापडलेला नाही.