पूनमनं दिलेलं मत

स्कॉटलंडचा निकाल शुक्रवारी सकाळी लागला, तेव्हा बिरुदेव कोळेकर रात्रपाळी करून अक्कलकोट रोडवरच्या घरी टीव्हीसमोर बसले होते. टॉवेलच्या कारखान्यात ते रखवालदार. खाकी शर्ट अजून अंगावरच होता. पडद्यावरची पट्टी सांगत होती : स्कॉटलंड ब्रिटनमध्येच राहणार, स्वातंत्र्याला बहुमताचा नकार.

"काय झालं वो?" भाकरी थापता थापता फुलाबाईंनी विचारलं.

"न्हाय म्हणली लोकं."

फुलाबाईंचा हात थांबला. "मग पूनम?"

पूनम ही त्यांची एकुलती एक मुलगी. ग्लासगोच्या इस्पितळात नर्स होती.

शेजारच्या सुंदरम्मा विड्या वळायचं सूप घेऊन दारात आल्या. "काय बिरुदेव, झाला का काडीमोड तुमच्या स्कॉटलंडाचा?"

"न्हाय. नांदणार म्हंत्यात."

"मग चांगलंच की! तुमी कशाला तोंड पाडून बसलाव? सवत आली व्हय घरात?"

एरवी बिरुदेवांनी उलटा टोला दिला असता. आज ते उठून आत गेले.

त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. पाचसहा बिऱ्हाडं मेंढ्या घेऊन एकत्र हिंडायची. त्या तांड्याला वाडा म्हणत. दर हंगामाला सगळी एका जागी बसून ठरवायची, सोबत राहायचं की वेगळं व्हायचं. वाडा फुटला की मेंढरं वाटली जायची आणि बाहेरून आणलेल्या गड्यांना आधी घरी धाडलं जायचं. लहान वाड्याला घरचीच माणसं पुरतात. सार्वमताची बातमी कळली तेव्हा बिरुदेवांनी त्याच नियमानं ताडलं : देश वेगळा झाला की परकी माणसं आधी परतणार. होटगी रोडच्या एका दवाखान्यात ते पूनमच्या नोकरीची चौकशीही करून आले होते. मेट्रन म्हणाली, आली की घेऊन या.

पूनमला त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. ऑगस्टमध्ये तिचाच फोन आला होता. भारताचा पासपोर्ट असला तरी तिथं राहणाऱ्यांना मत देता येतं, आणि आपण वेगळं होण्याच्या बाजूनं देणार, असं तिनं सांगितलं. फोन ठेवल्यावर फुलाबाई म्हणाल्या होत्या, "बगा, पोरीलाबी यायचंच हाय. तोंडानं बोलत न्हाय एवढंच." आणि मागची खोली चुन्यानं पांढरी करून घेतली होती.

दुपारी तिचा फोन आला. बिरुदेवांनी स्पीकर लावला. पूनम रडत होती.

"आप्पा, हरलो आमी."

"कळलं बाई."

"ग्लासगोनं होय म्हटलं होतं. बाकीच्यांनी घालवलं. खालच्या मजल्यावरची म्हातारी गळ्यात पडून रडली. म्हणाली, तुझाबी देश झाला असता गं."

बिरुदेवांनी विचारलं, "वेगळं झालं असतं तर तुला ठिवलं असतं व्हय तितं?"

"म्हणजे काय! त्यांना बाहेरची माणसं पाहिजेच होती. कायमचं राहता आलं असतं. म्हणून तर मत दिलं."

फुलाबाई पदराला हात पुसत जवळ येऊन बसल्या.

"आणि आता?" बिरुदेवांनी विचारलं.

"आता पहिल्यासारखंच. व्हिसाचं लंडन ठरवणार. नियम कडक होत चाललेत. वाढवून नाही दिला तर यावं लागेल परत." तिचा आवाज पुन्हा फुटला.

बिरुदेवांनी बायकोकडं पाहिलं. फुलाबाईंनी फोन त्यांच्या हातातून घेतला.

"रडू नगं, पूनम. जेवलीस का?"

"नाही."

"जेव आदी. आणि तितल्या लोकास्नी म्हणावं, परत एकदा बसा. एका बैठकीत कुटं सगळं ठरतंय? पुढच्या बारीला व्हईल तुज्या मनासारखं."

"तुला काय कळतंय गं आये त्यातलं," पूनम म्हणाली आणि रडता रडता हसली.

फोन ठेवल्यावर बिरुदेव हळूच म्हणाले, "अगं, यावं लागंल म्हणत हुती की ती."

"आयकलं मी. रडत आलेल्या पोरीला घिऊन काय करू?"

त्या उठल्या, परातीपाशी जाऊन बसल्या, पिठात पाणी घातलं. मग मागं न वळताच म्हणाल्या, "पर व्हिसा कवा संपतोय, ते इचारायचं ऱ्हायलं बगा."