अकरा शिंका

धुण्याच्या बादलीत एका रुमालावर मला तपकिरी डाग दिसला. एम.एस्सी. होऊन दोनच महिने झाले असल्यामुळे मी तो हुंगून पाहिला.

"काकू, ही तपकीर आहे!"

"ह्यांचीच," सिंधूकाकू ताबडतोब म्हणाली. "शपथा घेतात आणि चोरून ओढतात. डबी उद्याच सोनाराकडे मोडीत घालते."

भालचंद्रकाकांनी संक्रांतीला तपकीर सोडली होती. तेव्हापासून त्यांच्या वडिलांची चांदीची डबी, आतल्या तपकिरीसकट, काकूच्या कपाटात होती. आता श्रावण लागला होता.

"मी हातसुद्धा लावला नाही गं," काका कळवळले. "बाबा आल्यागेल्याला आधी ती डबी पुढे करायचे, मग स्वतः चिमूट घ्यायचे. मोडू नकोस."

"सिद्ध करता येईल," मी म्हटलं. "रोज ओढणाऱ्याच्या नाकाला सवय होते, शिंक येत नाही. काकांनी खरंच सोडली असेल, तर ते शिंकतील."

काकूनं कुरकुरत डबी काढली. तुलनेसाठी आधी मी चिमूट घेतली. नऊ शिंका. मग काका. अकरा, आणि शेवटच्या शिंकेला चष्मा खाली.

भिंतीपलीकडून गुप्ता आंटी ओरडल्या, "भाभी, सब ठीक है ना?"

"हाँ हाँ, मिर्ची का तड़का लगाया है!" काकू ओरडली आणि काकांकडे वळली. "नाटक आहे सगळं. एवढी कडक नसतेच ही."

तिनं झाकणावर दोनदा टिचकी मारली, बोटांच्या चिमटीत नेमकी पूड धरली, उजवी नाकपुडी, मग डावी, आणि अंगठा पदराला पुसला. "बघा. काही होतंय का?"

काही होत नव्हतं. मी घड्याळ पाहिलं. एक मिनिट झालं. दीड.

"काकू, तुझी शिंक?"

"येईल की." तिनं छताकडे पाहिलं. "आली होती, परत गेली."

काकांनी चष्मा पुसून नाकावर चढवला. रुमालाकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं. मग डबी तळहातावर घेऊन, वडिलांसारखी अदबीनं तिच्यापुढे धरली.

"घ्या सिंधूबाई. आधी तुम्ही. मोडीत घालायच्या आधी संपवायला नको का?"

काकूचे कान लाल झाले.

"मोडीत कोण घालतंय? सासऱ्यांची आठवण आहे ती," ती म्हणाली आणि एकदम माझ्याकडे वळली. "मृणाल, तुझ्या नोकरीचं काय झालं गं?"

आणि तिनं चिमूट घेतली.