थांबवलेली मिनिटे

मी एक जुने लंबकाचे घड्याळ आहे. क्यूबाच्या उत्तर किनाऱ्यावर, हिबारा गावात, निउर्काच्या बैठकीच्या खोलीत माझी जागा आहे. माझी लाकडी पेटी तिच्या सासऱ्याने स्वतः रंधा मारून केली. आठवड्यातून एकदा किल्ली मिळाली की माझे दुसरे मागणे नसे. वीज गेली की सारी गल्ली खिडकीतून डोकावून मला वेळ विचारी आणि मी, खोटे कशाला बोलू, जरा भाव खात असे.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. घरात कुणी गेले की त्या क्षणी घड्याळ थांबवायचे. दफन करून माणसे परतली की पुन्हा चालू करायचे. सासूबाई, म्हणजे ओबदुलिया आजी, झुलत्या खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या, तेव्हा निउर्काने माझा लंबक धरला. त्याच महिन्यात एका दुपारी तिची दहा वर्षांची लेक यानेल्सी जेवता जेवता कोसळली. अंग ताठ, डोळे पांढरे. निउर्काला वाटले, पोर गेली. तिने धावत येऊन मला थांबवले. आणि थोड्या वेळाने पोरीने डोळे उघडले.

झाले! मला थांबवले की मरण दारातून माघारी फिरते, अशी निउर्काची खात्रीच पटली. अपस्माराच्या गोळ्या सुरू झाल्या, पण झटके थांबले नाहीत. प्रत्येक झटक्याला ती लेकीकडे नाही, माझ्याकडे धावे. लंबक मुठीत आवळून, भिंतीला कपाळ टेकून उभी राही.

मित्रांनो, थांबलेल्या घड्याळाला काही कळत नाही, असे तुम्हाला वाटत असेल. मला सगळे कळे. माझी टिकटिक बंद झाली की खोलीत दुसरा आवाज सुरू होई. आजींची रिकामी खुर्ची हळूहळू झुलू लागे, खिडक्या बंद असल्या तरी. यानेल्सी शुद्धीवर आली की खुर्ची थांबे. मला फार भीती वाटे.

आमच्या डॉक्टर दामारिस दुपारी घरोघर फिरतात. परवा त्या आल्या, कॉफीचा कप घेऊन बसल्या.

“गोळी एकदाही चुकली नाही ना? मग आता तीन वाटा आहेत बघ. हीच गोळी वाढवायची. नाहीतर जोडीला दुसरी द्यायची, पण तिने सुस्ती येईल, वर्गात पेंगेल पोरगी. आणि झटका मेंदूत एकाच जागेवरून उठत असेल, तर मोठ्या इस्पितळात तपासण्या. तिथे पुढेमागे शस्त्रक्रियेचंही बोलतील. मला सांग, झटका किती वेळ टिकतो? सुरुवात कुठून होते?”

“वेळ लागतच नाही, डॉक्टरबाई. मागच्या खेपेला तीन वीसला पडली, उठली तेव्हाही तीन वीसच.”

डॉक्टरबाईंचा कप ओठांपाशीच राहिला. “अगं बाई, घड्याळ तू थांबवलंस! झटका पाच मिनिटांवर गेला तर तिला उचलून इस्पितळात पळायचं असतं. ते तुला कोण सांगणार, भिंत?”

“थांबवते म्हणून तर ती आहे!” निउर्का ओरडली.

“बरं. आणि सुरुवात?”

निउर्का खाली बघू लागली. “माहीत नाही. माझी पाठ असते.”

“आई,” यानेल्सी हळूच म्हणाली, “पडताना मला दरवेळी तुझी पाठच दिसते.”

एवढे बोलली आणि तिची नजर थिजली. निउर्का झेपावली. तिची बोटे माझ्या लंबकाला लागली, गार आणि ओली. नको, नको, असे मी मनात म्हणत होतो. कसे कोण जाणे, तिने हात काढला. ती वळली आणि लेकीशेजारी फरशीवर बसली.

“अंगठा! डॉक्टरबाई, आधी डावा अंगठा उडतोय, मग हात!”

“कुशीवर वळव. डोक्याखाली उशी दे. तोंडात काही घालू नकोस.”

मी टिकटिकत होतो. आणि खुर्ची झुलू लागली. आजवर माझ्या टिकटिकीत ती कधी झुलली नव्हती. आता माझ्या ठोक्याला ठोका देत झुलत होती. डॉक्टरबाईंनी तिकडे एकदा पाहिले आणि लगेच नजर माझ्या काट्यांवर आणली.

“एक मिनिट चाळीस सेकंद,” त्या म्हणाल्या. खुर्ची थांबली होती. “डाव्या हातापासून सुरू होतंय, म्हणजे एकाच जागेवरून असेल. मग तपासण्यांची चिठ्ठी देते. तोवर दुसरी गोळी, अगदी थोडी थोडी.”

यानेल्सीने डोळे उघडले. “आई, आज तू खाली का बसलीस?”

निउर्का लेकीचा डावा हात गालाशी धरून रडली.

आता माझ्या खिळ्याला एक वही टांगलेली आहे. तारीख, मिनिटे, सेकंद. मित्रांनो, तुमच्यासमोर कुणी असे पडले, तर वेळ माझ्याकडून घ्या, पण तोंड त्याच्याकडे ठेवा. आणि मला किल्ली द्यायला विसरू नका. झटका आला की आजी अजूनही त्या खुर्चीत येतात. मी थांबलो, तर मोजायला त्या एकट्याच उरतील.